दाराजवळचा मेजर

तिसऱ्या दिवशीही मेजर वेंडेल प्रूएट दारापाशीच तरंगत होता.

यानाच्या खालच्या मजल्यावरचं ते गोल दार. पाचही जण त्यातूनच आत आले होते. मूठ फिरवली की दार बाहेर उघडणार, आणि आतली हवा माणसांसकट अंतराळात जाणार.

"मेजर, बस आली की आम्हालाही हाक मार हं!" कमांडर लायल हॅग्स्ट्रॉम वरून ओरडला.

प्रूएट हसला नाही. "मी इथेच बरा आहे."

हवाई दलाचा गुप्त उपग्रह पहिल्याच दिवशी सोडून झाला होता. प्रूएट आला होता तो लष्कराच्या एका कॅमेऱ्याची चाचणी घ्यायला. चार वर्षं राबून केलेला कॅमेरा चार तासांत बंद पडला. तेव्हापासून तो धड जेवत नव्हता, बोलत नव्हता. झोपायची पिशवीसुद्धा त्याने दाराशेजारीच बांधली होती.

लायलने नोरा टिलिंगहास्टला बाजूला घेतलं. दोघं पूर्वी एकदा एकत्र उडाले होते.

"त्याचे डोळे बघितलेस? काल मला विचारत होता, ही मूठ फिरवायला किती जोर लागतो म्हणून."

नोराने खाली दाराकडे पाहिलं. "नियंत्रण कक्षाला कळवू या."

"आणि त्याच्या कानावर गेलं तर? बिथरलेल्याला आणखी बिथरवायचं? थांब, माझ्याकडे उपाय आहे."

गुप्त कागदांच्या पेटीचं कुलूप त्याने काढून आणलं.

"वेंडेल, वर ये जरा," नोराने हाक मारली. "तुझ्या कॅमेऱ्याचा दिवा लागल्यासारखा वाटतोय."

खोटं बोलताना तिची जीभ अडखळली. प्रूएट मात्र धडपडत वर आला. दिवा विझलेलाच होता. तो परत खाली गेला तेव्हा मुठीला कुलूप लागलं होतं आणि लायल किल्ली खिशात टाकत होता.

प्रूएट पांढराफटक पडला. "किल्ली दे, लायल."

"का रे? कुठे जायचंय?"

"दे म्हणतो ना!"

त्याने लायलचा गळा धरला. नोरा आणि उरलेले दोघे मध्ये पडले. चिकटपट्टीने त्याचे हात खुर्चीला बांधेपर्यंत सगळ्यांना धाप लागली.

"नोरा, माझं ऐक—"

"नंतर, वेंडेल. शांत हो आधी."

तिला त्याच्याकडे बघवेना. लायलने तिचा खांदा थोपटला. "तुम्ही तिघं वर जा. कॉफी घ्या. मी बसतो याच्याजवळ."

वर जाऊन तिने नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरांची खासगी वाहिनी लावली. यान संपर्काबाहेर होतं. वीस मिनिटं नुसती खरखर. मग डॉ. एब्रिल यांचा आवाज आला.

"डॉक्टर, मेजर प्रूएटला आवरावं लागलं," ती म्हणाली. "दारापासून हलतच नव्हता. आता बांधून ठेवलाय. काळजी करू नका, दारापाशी लायल आहे."

"नोरा, प्रूएटला तिथे मीच बसवलं होतं. लायलला दाराजवळ जाऊ द्यायचं नव्हतं."