वेणीवरची माशी

हातात कला आली की माणूस देवाच्या जवळ जातो, असं म्हणतात. निपाणीच्या धरणेंद्राच्या हातात चाबूक विणायची कला येऊ लागली, तशा त्याच्याजवळ फक्त माशा येऊ लागल्या.

जैनाच्या पोरानं तंबाखूची वखार सोडून कातड्याला हात लावला, म्हणून बायकोनं, चंदनानं, "कातड्यात जीव असतोय" म्हणत त्याचं जेवणाचं पान ओसरीवर काढलं होतं. "मेलेल्या कातड्यात जीव कुठला गं?" तो रोज विचारायचा.

"पुरा करून आणा, बघू," ती शेवटी म्हणाली. "जीव नसंल तर आत या जेवायला."

धरणेंद्र त्याला शिकवणाऱ्या भरमाच्या घरामागच्या परड्यात बसला. पुढ्यात चरबी चोपडलेल्या ओल्या कातडी पट्ट्या, वाद्या, पडल्या होत्या. वेणीचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून तो एकेक पदर ओढत होता.

वेणीवर माशी बसली. कातडं तेवढ्याच जागी थरथरलं, गुराची पाठ थरथरते तसं. माशी उडाली.

धरणेंद्रानं हातातला पदर सोडला. "भरमाप्पा, ह्यो बैल कंदी मेला?"

"गेल्या बेंदराला, बैलांच्या सणादिवशीच. मीच सोलला की." भरमानं मान वर केली नाही. "माशी उडवत जावा, अण्णा. त्याला सोसत न्हाय."

चाबूक पुरा झाला. त्यानं तो ओसरीवर ठेवला, चंदनानं लांबूनच बघितला; तो हलला नाही. दिवस मावळायच्या आत चंदनानं पान आत मांडलं. धरणेंद्र सदरा काढून पाटावर टेकतो, तोच त्याच्या उघड्या पाठीवर माशी बसली. त्यानं हात उचलायच्या आतच पाठीची कातडी आपोआप थरथरली आणि माशी उडाली.

चंदनानं ते बघितलं, आणि पान उचलून परत ओसरीवर नेऊन ठेवलं.