समोरचा कॅमेरा

बेबीनंदाने शटर अर्धं खाली घ्यायला सांगितलं, तेव्हा राधेश्यामला वाटलं, ही बाई थट्टा करते आहे. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मंठ्यात कुणी दुकानाचं शटर ओढत नाही.

"आमच्या घरात संध्याकाळी एवढाच उजेड राहतो," ती म्हणाली. "त्या उजेडात फोन कसा चालतो ते पाहू."

त्याने शटर ओढलं, ट्यूबलाइट बंद केल्या. शेजारचा चहावाला कचरू लगेच वाकून आत डोकावला आणि घरचं कोण गेलं म्हणून विचारू लागला. कोणी गेलं नाही, गिऱ्हाईक आलंय, असं सांगून राधेश्यामने त्याला परत पाठवलं.

काउंटरवर दाखवायचे दोन फोन होते. दोन्ही तेरा हजारांच्या आतबाहेर. एकाला मोठी बॅटरी, दोन स्पीकर, मागे तीन कॅमेरे. दुसरा दिसायला साधा, आवाजाला बेताचा. पण त्याचा समोरचा कॅमेरा चांगला होता. बेबीनंदाचा नवरा रामकिसन पहिल्यावर अडून बसला होता. तो जालन्याच्या एमआयडीसीत टेम्पो चालवायचा आणि वाटेत त्याला भजनं लागायची.

बेबीनंदाकडे आधीचा फोन होता. तो भाच्याने निवडून दिला होता. मामी, डोळे झाकून घे, असं तो म्हणाला होता आणि तिने तो तसाच घेतला होता. आता लेक शीतल पुण्याला शिकायला गेली, वसतिगृहात राहू लागली, तेव्हा डोळे उघडले. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागायचा. इकडून आई अंधारात काळी दिसायची, तिकडून लेक अडकत अडकत यायची. मागच्या आठवड्यात शीतल काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा सांगत होती. आईला अर्धं कळलं, अर्धं नाही. शेवटी पोरीने चिडून कॉल बंद केला. तिला ताप होता, हे दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या मॅडमनी कळवलं.

राधेश्यामने विचारलं, मेसेज करत नाही का? बेबीनंदा म्हणाली की वाचता येतं, पण मेसेजवर पोरी फक्त ‘मी बरी आहे’ लिहितात.

"मंग साधा कॉल लावत जा, ताई. खर्चबी कमी."

"समोरासमोर दिसल्याशिवाय आमचं बोलणं होत न्हाई, भाऊ."

राधेश्यामने मान हलवली. त्याची स्वतःची आईही अशीच होती.

मग तिने त्याला पहिला फोन घेऊन दुकानाच्या आतल्या अंधारात उभं केलं आणि त्याचा स्वतःचा मोबाइल हातात घेऊन ती बाहेर पायरीवर गेली. व्हिडिओ कॉल लागला. हात हलवा, म्हणाली. जल्दी हलवा. आता बोटं दाखवा. राधेश्याम बोटं दाखवत राहिला, आपल्याच दुकानात शाळेतल्या पोरासारखा.

"न्हाई," ती पायरीवरून म्हणाली. "बोटं एकमेकाला चिकटायलीत."

दुसऱ्या फोनवर बोट न् बोट सुटं दिसलं. तरी तिने त्याला आणखी दोन पावलं मागे जायला लावलं. नंतर राधेश्याम आवाज वाढवून दाखवू लागला, तर तिने हातानेच थांबवलं.

"आवाज कसाबी चालतो."

"तुला चालतो," रामकिसन म्हणाला. "माझ्या भजनाचं काय?"

"तुमी सोता म्हणा. टेम्पोत कोण ऐकायलंय?"

राधेश्याम हसला. इतकी वर्षं तो फोन विकत होता. गिऱ्हाइकं यायची, मागे कॅमेरे किती ते विचारायची, साडूकडे कोणता आहे ते सांगायची आणि तोच घेऊन जायची. आपल्या घरातला उजेड सोबत घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. पहिल्या फोनवर या महिन्यात कंपनी त्याला जास्त कमिशन देत होती. ते त्याने मनातच ठेवलं. उलट दुसऱ्याची खोट सांगितली, की याला रोज चार्जिंगला लावावं लागेल.

"लावीन," ती म्हणाली. "एक स्टँड द्या. मला हात मोकळे लागतात."

संध्याकाळ म्हणजे भाकरीची वेळ, हे राधेश्यामला सांगावं लागलं नाही. स्टँड त्याने तसाच दिला, पैसे न लावता.

आता एकच गोष्ट राहिली होती. दाखवायच्या फोनवर तिचा भरवसा नव्हता. जो घरी न्यायचा, त्या खोक्यातल्या फोनवरून आधी शीतलला कॉल लागला पाहिजे, पैसे त्यानंतर. राधेश्याम थांबला. सील फोडलेला फोन नवा म्हणून विकता येत नाही. बाई उठून गेली, तर नुकसान त्याचं.

"भाच्याचं ऐकून एकदा फसले," ती म्हणाली. "पोरगी तिथं एकटी हाय. पुन्हा फसायला मला वेळ न्हाई."

त्याने सील फोडलं. तिचं सिम घातलं, फोन स्टँडवर उभा केला. पुण्यात शीतलने कॉल उचलला.

बेबीनंदा एक पाऊल मागे सरली. दोन्ही हात छातीसमोर आले आणि बोटं भराभरा चालू लागली. पडद्यावर शीतलची बोटंही धावू लागली. लेक कशावरून तरी रुसली, आईने भुवया चढवून तळहातावर मूठ आपटली, रामकिसनने मधे घुसून हातवाऱ्यांनी स्वतःची तक्रार मांडली, मग तिघंही पोट धरून हसली. मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. दुकानात एक शब्दही ऐकू आला नाही.