शून्याची गाळणी

सासऱ्यांचा खोकला गाड्यांच्या धुराचा की सिगारेटचा, यावर घर बदलायचं की नाही ते ठरणार होतं. नवरा सिगारेटवर अडून बसलेला. सून पोटापाण्यासाठी चौकाचौकांत हवेतली बारीक धूळ मोजत हिंडायची; तिचा भरवसा फक्त यंत्रावर.

आज दुरुस्तीसाठी घरासमोरचा रस्ता बंद होता, गाड्या नव्हत्या. तिने घरभर यंत्र फिरवलं. हवा स्वच्छ. सासऱ्यांच्या खुर्चीपाशी मात्र आकडा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, त्यांच्या श्वासाच्या तालावर.

“सूनबाई, सकाळपासून एकही ओढलेली नाही हं. उगाच चहाडी नको.”

यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने त्याच्या नळीला शून्याची गाळणी बसवली. ही लावली की धूळ आत जातच नाही, आकडा शून्यावर यायलाच हवा.

तो चढत-उतरत राहिला.

“बाबा, जरा श्वास रोखता?”

“तुझ्या नोकरीपायी आता तेही करतो!” त्यांनी गाल फुगवून नाक चिमटीत धरलं. डोळे मिश्कील.

आकडा चढला. उतरला.

“बाबा, पुरे. सोडा आता.”

त्यांनी नाक सोडलं, तोंड उघडलं. डोळ्यांतली मस्करी विझली. छाती हलेना.

आकडा मात्र चढत होता, उतरत होता, अगदी संथपणे.