मुंगीचा हात

"तुमचं पूर्ण नाव सांगा," भिंतीतल्या छोट्या खिडकीतून भारदस्त आवाज आला.

मॅडमनी टेबलावर पडल्या पडल्या नाव सांगितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. आले बाई एकदाचे! बाहेरगावचे ते नावाजलेले सर आले होते. आता मुंगीचा हात आपल्या गर्भाला लागणार नाही.

खिडकीपलीकडची लॅब मॅडमचीच होती. कित्येक वर्षं तिथे बसून त्यांनी इतर बायकांचे गर्भ डोळ्यांत तेल घालून वाढवले होते. वेळ आली की गर्भ बारीक नळीत भरायचा आणि खिडकीतून डॉक्टरबाईंच्या हातात द्यायचा. डॉक्टरबाई तो पोटात सोडत. स्वतःसाठीचे दोन प्रयत्न मात्र मॅडमनी गुपचूप परगावी जाऊन केले होते. दोन्ही फसले. या खेपेला हाताशी एकच गर्भ होता. हा गेला की संपलं.

लॅबचे नियमही त्यांचेच. स्वतःच्या गर्भाला स्वतः हात लावायचा नाही. टेबलावरच्या बाईला नाव विचारून ते डबीवरच्या नावाशी ताडून पाहायचं. नाव वाचायला एक, नळी भरायला दुसरा. म्हणजे नळी भरायला उरली कोण? त्यांची मदतनीस. कामाला इतकी संथ, की मॅडमनीच तिचं नाव मुंगी पाडलं होतं. "अगं, तुझी नळी भरेपर्यंत ते पोर शाळेत जाईल!" हे लॅबमध्ये रोजचंच.

मुंगी एकाच बाबतीत चपळ होती. परगावचा दुसरा प्रयत्न फसला, तेव्हा मॅडमनी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या बजावायच्या, की ही गोळी दिवस राहायच्या आधीपासून चालू करा. बाळाचा मेंदू आणि कणा घडायला लागतो, तेव्हा आईला अजून पत्ताही नसतो. पण स्वतःची गोळी समोर आली, की त्यांना रडू फुटायचं. मुंगीने ती पट्टी कचऱ्यात पाहिली. दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाशेजारी बशीत नवी गोळी हजर.

"कुणासाठी खायची आता?" मॅडम खेकसल्या.

"ज्याच्यासाठी खायची, तो यायच्या आधीच खायची असते," मुंगी बारीक आवाजात म्हणाली. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"मोठी आलीस शहाणी!" असं म्हणत मॅडमनी गोळी गिळली. मग तो रोजचा परिपाठच झाला. गोळी म्हणजे काही जादू नव्हे, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण ती गिळता गिळता मॅडमना पुन्हा वाटायला लागलं, की कुणीतरी यायचंय. नाहीतर त्या या तिसऱ्या खेपेला उभ्याच राहिल्या नसत्या.

तरी गोळी देणं निराळं आणि गर्भ हाताळणं निराळं. म्हणून त्यांनी डॉक्टरबाईंना गाठलं. "बाहेरच्या सरांना बोलवा."

"बोलावते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आत कोणी काय करायचं, ते लॅब ठरवेल. नियम तुमचाच आहे."

आता टेबलासमोरच्या पडद्यावर गर्भ दिसला. गोल, भरलेला, कवचातून बाहेर डोकावायला लागलेला. मग कडेने नळीचं टोक आलं. ते जराही थरथरलं नाही. गर्भापाशी थांबलं, आणि गर्भ अलगद आत सरकला. ना धक्का, ना गडबड. "वा!" मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

उशाशी त्यांचा नवरा उभा होता. तो गाडी चालवायला शिकवायचा. "पाय सैल सोड," तो कुजबुजला. "शिकाऊ माणूस गाडी चालवताना मी ब्रेक दाबून बसतो, तशी पडली आहेस."

डॉक्टरबाईंनी गर्भ आत सोडला आणि रिकामी नळी खिडकीतून परत दिली. गर्भ नळीलाच चिकटून राहिला नाही ना, हे आता आत तपासणार. ज्याने नळी भरली, तोच तपासून "क्लिअर" म्हणणार. बराच वेळ गेला. मॅडमना कळत होतं, की आत कुणीतरी पुन्हा एकदा बघतंय. बघायलाच हवं.

"सरांना एक विचाराल?" त्या हळूच डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "महिनाभर आमच्या मुंगीला शिकवा म्हणावं. असा हात तिला यायला हवा."

मास्कवरचे डॉक्टरबाईंचे डोळे हसले.

"क्लिअर," खिडकीतून आवाज आला. भारदस्त नव्हता, बारीक होता. "आणि मॅडम, आजची गोळी राहिलीय तुमची."

मॅडम बघतच राहिल्या. नाव वाचायला एक, नळी भरायला दुसरा. सरांचा आवाज ऐकल्याच्या आनंदात त्या आपलाच नियम विसरल्या होत्या.

"सरांनी सकाळी तिचं काम पाहिलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणाले, मी नुसतं नाव वाचतो, हात हिचाच राहू दे. हिला शिकवलं कुणी, तेवढं विचारत होते."

मॅडमच्या डोळ्यांतलं पाणी थेट कानांत ओघळलं. त्यांनी ते पुसलंही नाही. आतल्या सरांना, मुंगीला, साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"सांगा त्यांना, माझ्या हाताखाली तयार झालीय ती!"