गोफण

मुलीने डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला आणि ती दारापाशीच उभी राहिली. उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला होता. कॉलेजात तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती गोफण. हात गरकन फिरवून तिने सोडलेला सॉफ्टबॉल समोरच्या बॅटवालीला दिसायचा तो थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्येच.

"बस ना गं," संघाच्या कोच मॅडम म्हणाल्या. सामानाच्या खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर त्या स्वतःच बसल्या होत्या. त्यांनी हेल्मेटांचा खोका पायाने पुढे सरकवला. गोफण बसली नाही.

"आई कुठंय?"

"बाहेर पायरीवर. आत येत नाहीये."

मॅडमनी मान हलवली आणि कागद उचलला. असले कागद कुठून वाचायचे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वरचा लांबलचक मजकूर सोडून त्या शेवटच्या ओळींवर गेल्या. खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला आहे. ऑपरेशन करावं लागेल. रोजची कामं करता येतील. चेंडू फेकणं कायमचं बंद.

चौदा वर्षांपूर्वी त्यांनाही डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं. रोजची कामं करता येतील. देशाच्या संघातून दोन सामने खेळून झाले होते, तिसऱ्याच्या आधी खांद्याने हात टेकले. मग वर्षभर घरात बसून काढल्यावर कुणीतरी गळ्यात शिट्टी अडकवली.

"दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या आपण."

"हे दुसरेच आहेत, मॅडम."

बाहेर मैदानावर पोरी फेऱ्या मारत होत्या. बुटांचा आवाज खिडकीजवळ यायचा आणि लांब जायचा. मॅडमनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

तीन आठवड्यांपूर्वी अंतिम सामना झाला होता. आदल्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना बोलावून सरळच सांगितलं होतं, यंदा चषक आला नाही तर पुढच्या वर्षी संघ नाही, आणि संघच नसेल तर कोच तरी कशाला? सामन्यात पाचव्या इनिंगपासून गोफण प्रत्येक फेकीनंतर हात झटकू लागली. चेंडू फेकणारी राखीव पिचर बाकावर तयार होती, ग्लोव्ह घालून बसली होती. मॅडमनी हे सगळं पाहिलं, आणि गुण लिहिणाऱ्या बाईंकडे वळून उगाचच काहीतरी विचारलं. सातवी, शेवटची इनिंगही गोफणच खेळली. चषक आला.

"ऐक," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी तू हात झटकत होतीस. मी पाहिलं होतं."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"तुम्ही पाहिलंत ते. आपली नजरानजर झाली होती ना." गोफण हे इतकं सहज बोलली, की जणू उद्या सरावाला किती वाजता यायचं ते सांगतेय. "म्हणून तर टाकत राहिले. म्हटलं, मॅडम बघतायत. त्यांना सगळं कळतं. खरंच काही असतं तर त्यांनी थांबवलंच असतं."

मॅडम मुलीचा आरडाओरडा ऐकायची तयारी करून बसल्या होत्या. तीन रात्री मनातल्या मनात उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

"आईला आत बोलव," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला काय बोलायचंय ते बोलू दे. मला ऐकायला हवं."

"तिला तुमच्यापुढे यायची लाज वाटतेय."

"लाज? कशाची?"

"मी तिला सांगितलंय, मी दुखणं लपवलं. तुम्ही दहादा विचारलंत आणि मी खोटं बोलले, असं." गोफणने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाहीतर ती प्राचार्यांकडे गेली असती. तुमच्या नोकरीवर आलं असतं. माझं तर झालंच आहे, आता तुमचं कशाला?"

मॅडम खुर्चीतून उठल्या. दोन पावलांवर दार होतं, आणि दाराबाहेर पायरी. तिथे जाऊन एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. त्या दोन पावलं चालल्या नाहीत. टेबलाची कडा धरून उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने परत बसल्या.

गोफणने हे पाहिलं की नाही, कळलं नाही. तिने खोक्यावर टेकून पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवली आणि दातांनी पेनचं टोपण ओढलं.

"मॅडम, एक विचारू? कोच व्हायला काय शिकावं लागतं?"

उत्तर मॅडमना तोंडपाठ होतं. एक वर्षाचा कोर्स, लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक. अर्ज जूनमध्ये निघतात, फोटो दोन लागतात. त्या खाली बघून एकेक सांगत गेल्या, आणि मुलगी डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरीसारख्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, सगळं लिहून घेत राहिली.