रापणीची दोरी

२००६च्या डिसेंबरात तारकर्लीच्या एका हॉटेलसमोर, वाळूवर, निकेतचा बँड जुन्या धाटणीची घुमणारी गिटार वाजवत होता. गाणारा कोणी नव्हता, म्हणून माइकही नव्हता.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, किनाऱ्याला लागली की दिसेल त्याने दोरी ओढायची, ही गावची रीत.

पलीकडे रापण ओढणाऱ्या बाबांनी हाक मारली, "निकेत, दोरयेक हात लाय रे!"

पाहुणे वळून बघू लागले.

"तुझे कोण?" मॅनेजरने विचारलं.

"कोणी नाही." निकेतने मान खाली घालून तार छेडली.

स्पीकरमधून बाबांचाच आवाज आला, "हात लाय रे."

निकेतची कानशिलं तापली. त्याने गिटारची वायर उपटली.

किनाऱ्यावर बाबा तोंड मिटून, खाली बघत दोरी ओढत होते.

स्पीकर पुन्हा बोलला, या वेळी पाहुण्यांशी, मुलाची ओळख करून द्यावी तसा.

"तो माझो झील आसा."