महाराजांचा राग

“गधडे, मन कुठे ठेवून आलीस?” महाराज दातांच्या डॉक्टरणीला म्हणाले, आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या वकीलसाहेबांना तिचा हेवा वाटला.

डॉक्टरीण तरुण होती. आज ती उशिरा आली होती, सगळ्यांनी डोळे मिटल्यावर तिचा फोन वाजला होता आणि जप करता करता तिला डुलकी लागली होती. चारचौघांत तिची खरडपट्टी निघाली. मग महाराज वाकून तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिना उतरताना मात्र ती परीक्षेत पहिली आल्यासारखी दिसत होती.

“काका, आज भरपूर बोलणी खाल्ली,” ती वकीलसाहेबांना म्हणाली. लोक लग्नाच्या जेवणाबद्दल बोलतात, त्या सुरात.

वकीलसाहेबांच्या पानात महाराजांनी कधी काही वाढलंच नव्हतं. इतके दिवस त्यांना याचाच अभिमान होता. घर त्यांचं, वरचा मजला त्यांचा आणि महाराजांना तिथे आणून ठेवण्याची कल्पनाही त्यांचीच. त्याआधी महाराज कुणाच्याही घरी उतरत, कुणाशीही बोलत बसत. वकीलसाहेबांनी या कारभाराला शिस्त लावली. भेटीच्या वेळा ठरवल्या. जिन्यापाशी पाटी लावली : एका माणसाने एकच प्रश्न विचारावा. धूळ येते म्हणून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. साखर प्रकृतीला मानवत नाही म्हणून बंद केली. ती मानवत नाही हे महाराजांना ठाऊक नव्हतं. वकीलसाहेबांनी ते पटवून दिलं. युक्तिवाद एकतर्फी झाला. संध्याकाळचं फिरणंही सोडवलं, कारण गुरूने रस्त्यात भाजीवाल्याशी गप्पा छाटणं बरं दिसत नाही. जिन्याच्या दाराला कुलूप ते स्वतः लावत. किल्ली कुणाच्या हाती देत नसत.

“अहो, तुम्ही त्यांची सेवा करता की बंदोबस्त?” बायकोने एकदा विचारलं होतं. वकीलसाहेबांनी तो प्रश्न गैरलागू ठरवला.

शिवाय वकीलसाहेब खोलीत आले की महाराज उठून उभे राहत. एवढा मान दुसऱ्या कुठल्या शिष्याला होता?

आणि तरी अनुग्रह मिळाला तो डॉक्टरणीला. महाराजांनी तिला जवळ बसवून कानात मंत्र दिला. वकीलसाहेबांना हे कळलं तेही तिच्याच तोंडून. “तुम्हाला केव्हाच मिळाला असेल ना, काका?” तिने अगदी सरळ मनाने विचारलं. वकीलसाहेबांनी आयुष्यभर तारखा पुढे ढकलल्या होत्या, तसं ते उत्तरही पुढे ढकललं.

त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. तिच्या डोक्यावर महाराजांचा हात किती वेळ राहतो, हे ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत. ती वर असली की जिन्यात उभे राहून कान देत. आतून ओरडणं ऐकू आलं की त्यांचा जीव जळे आणि हसणं ऐकू आलं की राख होई. काल आलेल्या पोरीत असं काय होतं? बराच विचार केल्यावर त्यांना एकच फरक सापडला. महाराज तिला रागावत.

वकीलसाहेबांनी चुका करायचं ठरवलं.

ते मुद्दाम उशिरा गेले. महाराज म्हणाले, असू दे, तुम्हाला कामं असतात. त्यांनी पाण्याचा तांब्या महाराजांच्या आसनावर लवंडला. महाराजांनी स्वतःच फडकं आणून पुसायला घेतलं आणि वर विचारलं, तुमचे कपडे भिजले नाहीत ना? शेवटी त्यांनी भजनात सूर सोडला. नुसता सोडला नाही, हाकलून दिला. शेजारची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. महाराज म्हणाले, आज तुमचा आवाज मोकळा लागला. डॉक्टरीण हसली, तेव्हा मात्र महाराज तिच्यावर खेकसले. म्हणजे चूक वकीलसाहेबांची आणि प्रसाद तिला.

त्या दुपारी वकीलसाहेब तावातावाने जिना चढले. दार वाजवलं नाही. स्वतःच्या घरात कोण वाजवतं?

महाराज खिडकीशी होते. खिडकी दोन बोटं उघडी होती. वकीलसाहेबांना पाहताच त्यांनी ती लगबगीने लावली आणि ते ताठ उभे राहिले. त्यांच्या गालात पेपरमिंटची गोळी होती. ती चोरून आणून देण्याचं धाडस दातांच्या डॉक्टरणीखेरीज कोण करणार? एरवी वकीलसाहेबांनी यावर साक्षीपुरावे मागितले असते. आज त्यांनी सरळ महाराजांचे पाय धरले.

“महाराज, माझं काय चुकतं?” त्यांनी विचारलं. “तिला तोडून बोलता आणि तिलाच सगळं देता. मला आजवर एक वाकडा शब्द बोलला नाहीत. का?”

पाया पडताना वकीलसाहेबांच्या हातातली किल्ली फरशीवर टेकली होती. महाराजांची नजर तिच्यावर होती. त्यांनी गालातली गोळी हळूच जिभेखाली सरकवली.

“सांगतो,” ते म्हणाले. “पण तुम्ही रागावणार नाही ना?”